अंगठ्याखालची चावी

बोरीला लग्न होतं, वैशाखातलं. वरात मारुतीच्या पारापाशी थांबली होती आणि नवरदेवाचे मित्र नाचायला उभे होते. मुखडा मी सॅक्सोफोनवर खालच्या सप्तकात वाजवला, तो कसाबसा निभावला. मग अंगठ्यानं ऑक्टेव्ह की, म्हणजे सूर वरच्या सप्तकात नेणारी चावी, दाबून वर गेलो आणि तीन बोटांवरचा जी हा सूर फाटला. सूर ठरेना, नुसती किंचाळी निघाली. दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही तेच. क्लॅरिनेटवाल्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि गाणं स्वतःवर घेतलं, म्हणून वरातीत खंड पडला नाही.

रात्री जिंतूरला परत आल्यावर मी जे केलं, ते कोणी करू नये म्हणून हे लिहितो आहे.

माउथपीस जिच्यावर बसतो त्या वाकड्या नळीच्या, म्हणजे नेकच्या बुडाशी ऑक्टेव्ह कीचं गोल कडं असतं. ते एका बाजूला झुकलेलं दिसत होतं. मी घरातली पक्कड घेतली आणि कडं वाकवलं. जास्त वाकलं, म्हणून उलटं वाकवलं. तिसऱ्या वेळी नेकवरचा, चावी ज्यावर हलते तो खांब टाक्यातून निखळला. तिथंच थांबायला हवं होतं. पण सकाळी दुसरी सुपारी होती. मी झटपट चिकटणारा गोंद लावला. गोंद वाहत जाऊन सुराच्या बारीक भोकात आणि पॅडवर बसला. नेक कामातून गेली. हंगामातल्या उरलेल्या चार सुपाऱ्यांना मी गेलो नाही, माझ्या जागी सेलूचा एक वादक गेला.

जिंतुरात बोअरची मोटार भरून मिळते, जुनाट ट्रॅक्टर चालू होतो. सॅक्सोफोन उघडून बघणारा माणूस मात्र मला इथं सापडला नाही. पुढं नांदेडला एक म्हातारे मिस्त्री भेटले. दुसरी नेक बसवून देताना त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "वाकवायच्या आधी तीन बोटं ठेवून बघितलं होतं का, लेका?" मी बघितलं नव्हतं. त्या प्रश्नाचा अर्थ कळला तेव्हा समजलं, की माझा दोष दोन मिलिमीटरचा होता आणि तो हातानं, अर्ध्या मिनिटात निघाला असता.

हा अर्थ समजायला चावीची रचना माहीत पाहिजे. अडॉल्फ साक्स यांनी 1846 मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या वाद्यांवर अंगठ्याला दोन वेगळ्या ऑक्टेव्ह चाव्या असत, एक खालच्या सुरांसाठी आणि एक वरच्या. वाजवता वाजवता अंगठा एकीवरून दुसरीवर न्यावा लागे. नंतर दोन्ही चाव्या एका यंत्रणेत जोडल्या गेल्या. आज आपण एकच चावी दाबतो, पण भोकं अजून दोनच आहेत. एक वाद्याच्या अंगावर, दुसरं नेकवर. वरच्या सप्तकात डी पासून जी शार्पपर्यंत अंगावरचं भोक उघडतं आणि ए पासून वर नेकवरचं. कोणतं उघडायचं हे डाव्या हाताचं तिसरं बोट, म्हणजे अनामिका ठरवते. बोट खाली असेल तर नेक बंद राहते. ते उचललं की अंगावरचं भोक मिटतं आणि नेकवरचं उघडतं.

म्हणून पहिली परीक्षा अशी. वाद्य फुंकू नका. डाव्या हाताची तीन बोटं जीवर ठेवा, अंगठ्यानं ऑक्टेव्ह की भराभर दाबा-सोडा आणि नजर नेकवर ठेवा. नेकवरचं पॅड तसूभरही हलता कामा नये. हलत असेल तर दोन्ही भोकं एकदम उघडतात आणि जी फाटतो. माझं हेच झालं होतं. आता अनामिका उचलून ए वर या आणि पुन्हा दाबा. या वेळी नेकवरचं पॅड स्पष्ट उघडलं पाहिजे. या दोन गोष्टी बघितल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

कडं झुकतं कशानं? जवळजवळ नेहमी आपल्याच तळहातानं. टेम्पोत बसून, घाईत, नेक मुठीत धरून ऑक्टेव्ह कीवर जोर देत ती अंगात खुपसली, की पितळ वाकलंच. त्या दिवशी बोरीला जाताना मी तेच केलं होतं. नेक बसवताना चावीवर हाताचं वजन पडू देऊ नका. आधी स्क्रू सैल करा, मग थोडं थोडं डावी-उजवीकडं फिरवत नेक आत सरकवा. पेटीत ठेवताना अंगाच्या तोंडाला बूच लावा, म्हणजे वर डोकावणाऱ्या, कडं ढकलून नेक उघडणाऱ्या पिनला धक्का बसत नाही. हे बूच सगळ्यात आधी हरवतं. हरवलं असेल तर कापडाची घट्ट गुंडाळी कोंबून तेवढंच काम करून घ्या, ती पिनपेक्षा उंच मात्र हवी.

आता दुरुस्ती. चावी सोडलेली असताना कडं आणि पिन यांच्यात थोडी फट हवी, दोन-तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होईल तेवढी. फट नसेल, तर पिन जराशी हलली तरी नेक उघडते. अशा वेळी नेक काढून घ्या, तिचं पॅड अंगठ्यानं जागेवर घट्ट दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं कडं केसभर बाहेर ओढा. परत बसवून तीन बोटांची परीक्षा घ्या. जमलं नसेल तर आणखी केसभर. उलट कडं पिनपासून फार लांब गेलं असेल, तर ए म्हटल्यावर नेक पुरेशी उघडत नाही आणि वरचे सूर घरंगळून खाली येतात. तेव्हा पॅडखाली चामड्याचा जाड तुकडा किंवा कापडाची घडी ठेवा आणि कडं नळीच्या दिशेनं हळू दाबा. दोन्ही वेळी जोर बोटांचाच हवा. पक्कड नको, हातोडी नको. नेकच्या कमानीवर जोर देऊ नका. कमान खाली बसली तर आपल्या हातानं ती सरळ होत नाही.

दर वेळी दोष कड्याचाच असतो असं नाही. आपल्याकडं दुसरा मोठा दोष चातुर्मासातला आहे. ज्येष्ठात लग्नं संपली की वाद्यं पेटीत जातात आणि तुळशीचं लग्न लागल्यावरच बाहेर निघतात. मधले चार महिने दमट हवा, आत सुकलेली लाळ आणि बंद झाकण. पॅड भोकाला चिकटतं, स्प्रिंगा गंजतात. पॅडखाली पतंगाच्या कागदासारखा पातळ, बिनरंगी कागद सरकवून चावी हलक्यानं मिटायची आणि कागद सावकाश ओढायचा. दोन-तीनदा केलं की चिकटपणा निघतो. टाल्कम पावडर मारायची सवय अनेकांना आहे, मलाही होती. ती ओलाव्यात मिसळून लेप बनते आणि पुढच्या वर्षी पॅड आणखी घट्ट धरते, म्हणून नकोच. तेल लागलंच तर शिलाई मशीनचं, एक थेंब, सुईच्या टोकावरून बिजागरीत. पॅडला तेल लागू देऊ नका, खोबरेल तर पेटीच्या आसपासही नको.

पॅड मोकळं असूनही ए नंतरचे सूर वर जात नसतील, तर भोकात बघा. ते जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं, लाळ आणि धूळ मिळून सहज बुजतं. पॅड उचलून धरा आणि पिळाचा जाड सुती दोरा कोमट पाण्यात भिजवून, पिळून आतून फिरवा. सुई किंवा तार घालू नका. भोकाची कड खरवडली की सूर कायमचा बदलतो.

चावी दाबताना खट् असा आवाज येऊ लागला, तर तिच्याखालचा कॉर्क झडलेला असतो. त्यानं पॅड किती उघडतं तेही बदलतं. पातळ कॉर्कचा तुकडा कापून साध्या रबरी चिकटद्रव्यानं लावता येतो. जाडी मात्र आधीच्या कॉर्कइतकीच ठेवा. स्प्रिंग मऊ पडून नेक मिटत नसेल आणि वरात दारात उभी असेल, तर पॅडवरून नळीभोवती रबर बँड घाला आणि कार्यक्रम पार पाडा. रात्री न चुकता काढा, कारण रबर धातूवर डाग पाडतं.

सगळं करूनही शंका राहिली, तर माउथपीस काढा, नेकचं मोठं टोक तळहातानं बंद करा आणि कॉर्कच्या बाजूनं फुंका. हवा कोंडली पाहिजे. पॅडपाशी फुसकन निसटत असेल तर पॅड बदलायला झालं आहे. निखळलेला टाका, सैल झालेला नेकचा सांधा, बसलेली कमान ही कामं घरची नाहीत. त्यासाठी नांदेड, पुणे, मुंबई जिथं जमेल तिथं जाणत्या माणसाकडं न्या. नेक वेगळी गुंडाळून नेली तरी अंग सोबत असू द्या, एकट्या नेकवरून फट जुळवता येत नाही.

मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत ऐकून आम्हांपैकी किती जणांनी हे वाद्य हातात घेतलं असेल. कद्री गोपालनाथ यांनी तर त्यावर अख्खं कर्नाटक संगीत उभं केलं. मंद्रातून तारात जाताना त्यांचा सूर कुठं अडखळत नाही. त्या साधनेपर्यंत आपण पोहोचू न पोहोचू, पण चावी तरी नीट मिटलेली असावी एवढं आपल्या हातात आहे.

तुमचं वाद्य आत्ता पेटीत असेल तर बाहेर काढा. तीन बोटं जीवर ठेवा, अंगठा दाबा आणि नेककडं बघा. सुपारीच्या दिवशी सकाळी नव्हे, आज बघा.