माळ नेमकी कुठे तुटली?

सिरीज सर्किट आपण फर्स्ट इयरलाच शिकतो. मला ते खरं कळलं गणपतीत, घरी कारध्याला. आरतीच्या तासभर आधी ४० बल्बची जुनी, साधी माळ विझली. धाकटा म्हणाला, "दादा, मेली माळ, आता वायर सोलतो." आणि प्लग तसाच! मी त्याचा हात धरला. माळ विझली तरी फेजपासून तुटलेल्या जागेपर्यंत पूर्ण २३० व्होल्ट असतात. करंटच नाही, मग व्होल्टेज ड्रॉप कुठला?

टेस्टरने शोधायचं ते यावरच. तुटीच्या अलीकडे निऑन पेटतो, पलीकडे नाही. एकेक बल्ब तपासत बसू नका. प्लग काढून विसाव्या बल्बची स्लीव्ह सरकवा, प्लग लावा, उघड्या जोडाला फक्त टेस्टरचं टोक टेकवा. पेटला तर बिघाड पुढे, नाही तर मागे. उरलेल्याचा पुन्हा मध्य घ्या. जास्तीत जास्त ६ खेपा. (प्लगला खूण करून ठेवा. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की उत्तरही उलटं येतं!)

बल्ब त्याच व्होल्टेजचा घाला, प्लग काढूनच. नुसत्या वायरी पिळून काम भागवणं आमच्याकडे सर्रास चालतं. पण ४० बल्ब असताना प्रत्येकाला पावणेसहा व्होल्ट मिळतात. १० वगळले की साडेसातच्या वर, मग बाकीचेही पटापट उडतात.

आमचा सव्विसावा निघाला.