सौम्य, अस्थिर आठवडा आणि मोहरीवरील मावा : पाच दिवसांच्या अंदाजाचे वाचन

माघ सरता सरता उत्तर भारतातील थंडी ओसरू लागते आणि हवामान अंदाजात ‘अंशतः ढगाळ आकाश, तुरळक ठिकाणी हलका पाऊस, किमान तापमानात किंचित वाढ’ अशी वाक्ये येऊ लागतात. गारपीट नाही, थंडीची लाट नाही, उष्णतेचा इशाराही नाही; अशा आठवड्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पूर्व राजस्थानातील भरतपूर-अलवर आणि लगतचा दक्षिण हरियाणा या मोहरीच्या पट्ट्यात मात्र नेमका याच आठवड्यात एक निर्णय घ्यावा लागतो : माव्यासाठी फवारणी करावी की थांबावे. ढग पाहून काही शेतकरी घाईने फवारतात. पाऊस मावा धुऊन काढील या आशेवर काही जण उशिरा पेरलेल्या पिकाकडेही दुर्लक्ष करतात. दोन्ही वेळा अंदाज वाचलेला असतो, पण त्यातील नको तो रकाना पाहिलेला असतो.

या अस्थिरतेचे मूळ पश्चिमी विक्षोभात आहे. (मराठी वृत्तपत्रे त्यालाच ‘पश्चिमी चक्रावात’ म्हणतात.) भूमध्य समुद्राच्या परिसरातून पश्चिमी वाऱ्यांबरोबर सरकत येणारी ही प्रणाली जवळ आली की वारा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून वाहू लागतो, हवेतील आर्द्रता वाढते, आकाश भरून येते. ढगांच्या आवरणामुळे जमिनीची उष्णता रात्री निसटत नाही, म्हणून किमान तापमान चढते; त्याच ढगांमुळे दिवसाचे ऊन अडते, म्हणून कमाल तापमान उतरते. प्रणाली पुढे निघून गेली की आकाश स्वच्छ होते, कोरडे वायव्य वारे सुटतात आणि रात्री पुन्हा गारठतात.

ग्रामीण कृषी मौसम सेवेची जिल्हा पत्रिका दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होते. पुढील पाच दिवसांसाठी तीत आठ बाबी दिलेल्या असतात : पाऊस, कमाल व किमान तापमान, ढगांचे आवरण, कमाल व किमान आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि त्याची दिशा. उदाहरणादाखल फेब्रुवारीच्या मध्यावरील एक कल्पित पत्रिका घेऊ. बुधवारी कमाल २५ व किमान ८ अंश सेल्सिअस, आकाश निरभ्र. गुरुवारी २५ व १०, वारा आग्नेयेचा. शुक्रवारी २२ व १३, आकाश जवळजवळ पूर्ण ढगाळ, पाऊस २ मिलिमीटर. शनिवारी २० व १२, पाऊस ४ मिलिमीटर. रविवारी २२ व ८, वायव्य वारा ताशी १५ किलोमीटर.

वाचणाऱ्याची नजर प्रथम पाऊस आणि ढगांच्या रकान्यांकडे जाते. परंतु रोजच्या कमाल-किमान तापमानाची सरासरी काढली तर अनुक्रमे १६.५, १७.५, १७.५, १६ आणि १५ अंश येते. आकाश पाच दिवसांत पार पालटले, सरासरी मात्र अडीच अंशांच्या आतच राहिली. कीटकाच्या शरीराला स्वतःची उष्णता राखता येत नाही. त्याची वाढ भोवतालच्या तापमानाच्या गतीने चालते. मोहरीवरील माव्याला (लिपॅफिस एरिसिमी) साधारण १० ते २० अंशांच्या दरम्यानची सरासरी आणि दमट हवा मानवते. म्हणजे या संपूर्ण आठवड्यात, ऊन असो वा ढग, माव्याचे प्रजनन अखंड चालू राहणार आहे. याच्या माद्या नराशिवाय आणि अंडी न घालता थेट पिल्ले जन्माला घालतात, त्यामुळे अनुकूल काळात वसाहत काही दिवसांतच दुप्पट होते.

‘ढग आले आणि मावा पडला’ ही राजस्थानात ‘मोयला’ आणि उत्तर प्रदेशात ‘माहू’ या नावाने बोलली जाणारी तक्रार अगदी निराधार नाही. ढगाळ दिवसांत आर्द्रता वाढते, रात्रीचा कडाका टळतो आणि ढालकिड्यांसारखे भक्षक थंड, अंधारलेल्या हवेत सुस्तावतात. पण ढगातून मावा पडत नाही. तो आधीपासून शेंड्यावर असतो. मोजलेला नसतो इतकेच.

पावसाविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत ‘हलका पाऊस’ म्हणजे २.५ ते १५.५ मिलिमीटर, त्याहून कमी असल्यास तो ‘अति हलका’. उदाहरणातील शुक्रवारचे २ मिलिमीटर अति हलक्या गटात मोडतात. दुसरे असे की ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा अर्थ विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, असा ठरलेला आहे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. म्हणजे तुरळक पावसाचा अंदाज खरा ठरूनही एखाद्या गावात थेंब पडणार नाही, अशी शक्यता अधिक. आणि पडलाच, तरी फुलोऱ्याच्या गुच्छात दाटीने चिकटलेला बिनपंखी मावा दोन-चार मिलिमीटरने धुतला जात नाही. जोरदार सर काही मावा खाली पाडते, पंखधारी माव्याचे उड्डाणही थांबवते. म्हणून पावसाच्या दुसऱ्याच दिवशी केलेली मोजणी फसवी ठरू शकते. एक-दोन दिवस जाऊ देऊन ती पुन्हा करावी.

मोजणी पत्रिकेच्या वारांशी जोडून घेतली तर विसरत नाही : मंगळवारी एकदा, शुक्रवारी एकदा. मावा सुरुवातीला बहुधा शेताच्या कडेला दिसतो, म्हणून केवळ बांधावरून पाहून निष्कर्ष काढू नये. आत शिरून वेगवेगळ्या ठिकाणची झाडे निवडावीत आणि प्रत्येक झाडाच्या मधल्या फांदीच्या शेंड्याकडील १० सेंटिमीटर भागावरील मावा मोजावा. तेथे सरासरी ५० ते ६० मावा, किंवा ४० ते ५० टक्के झाडांवर प्रादुर्भाव, ही आर्थिक नुकसानीची पातळी उत्तर भारतात सर्वसाधारणपणे मानली जाते. मंगळवारी २० आणि शुक्रवारी २२ भरले, तर थांबण्यास वाव आहे. मंगळवारी २० आणि शुक्रवारी ४० भरले, तर पातळी अजून गाठली नसली तरी फवारणीची तयारी ठेवावी लागेल, कारण पुढील दिवसांचे तापमानही माव्याच्याच बाजूचे आहे. प्रादुर्भाव कडेच्या काही ओळींपुरताच असेल, तर माव्याने भरलेले शेंडे खुडून नष्ट करणे पुरेसे होते.

मोजताना मित्रकीटकही पाहावेत. फुगीर, तपकिरी, निश्चल झालेला मावा म्हणजे डायरेटिएला रॅपी या परोपजीवी गांधीलमाशीने आतून पोखरलेला मावा. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या काळपट अळ्या आणि सिरफिड माशीच्या अळ्या वसाहतीतच फिरत असतात. त्या शेतकऱ्याला अनेकदा किडीच्याच अळ्या वाटतात. विस्तार कार्यकर्त्याने शेतात उभे राहून दाखवावी अशी ही गोष्ट आहे; छापील चित्राने ती तितकीशी पटत नाही.

पातळी ओलांडली असेल तर फवारणीचा दिवस कोणता? शुक्रवार-शनिवार पावसामुळे बाद. रविवारी आकाश मोकळे, पण ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात तुषार शेजारच्या शेतात जातील आणि शेंड्यावर कमी बसतील. शिवाय रविवारची आणखी एक अडचण आहे, आणि तिचा विचार क्वचितच होतो. मोहरीच्या हंगामात या पट्ट्यात मधपाळ आपल्या पेट्या घेऊन मुक्कामाला येतात. दोन दिवस ढग आणि पावसात अडकलेल्या मधमाश्या पहिल्या उन्हाच्या दिवशी फुलांवर तुटून पडतात. शेतकरीही नेमका त्याच सकाळी पंप पाठीवर घेतो. फुलोऱ्यात थायामेथोक्झामसारखे निओनिकोटिनॉइड किंवा डायमेथोएट सकाळी फवारले, तर मधपाळाच्या संपूर्ण वर्षाची मिळकत एका दुपारीत संपू शकते. परागीभवन घटल्याने शेतकऱ्याचेही नुकसान होते ते वेगळेच.

म्हणून शुक्रवारच्या पत्रिकेत वाऱ्याचा रकाना पाहून सोमवार किंवा मंगळवार ठरवावा. फवारणी दुपार टळल्यावर, माश्या पेट्यांकडे परतू लागल्या की करावी. त्यानंतर काही तास कोरडे मिळणे आवश्यक आहे. मधपाळाला आदल्या दिवशीच निरोप द्यावा, म्हणजे त्याला पेट्या हलवता किंवा झाकता येतील. औषध आणि मात्रा राज्याच्या कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणे व लेबलवर मोहरीचा उल्लेख पाहूनच निवडावी. फवारणी ते काढणी हे लेबलवरील अंतरही पाळावे.

पेरणीची तारीख या साऱ्या हिशोबाचा पाया आहे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेल्या मोहरीच्या शेंगा या आठवड्यापर्यंत बहुतांशी भरलेल्या असतात; तेथे शेंड्यावर थोडा मावा दिसला तरी फवारणीचा खर्च सहसा निघत नाही. नोव्हेंबरमध्ये पेरलेले पीक अजून फुलांत किंवा कोवळ्या शेंगांत असते आणि सौम्य आठवडा त्यालाच सर्वाधिक महागात पडतो. मार्चमध्ये कमाल तापमान ३० अंशांपुढे सरकू लागले आणि पीक पिकू लागले की पंखधारी मावा वाढतो, वसाहती विरळ होतात आणि कीड आपोआप ओसरते. फेब्रुवारीअखेरच्या पत्रिकेत कमाल तापमानाचा चढता कल दिसत असेल, तर पातळीच्या जवळ पोहोचलेल्या पण शेंगा भरत आलेल्या शेतात थांबणे अधिक शहाणपणाचे ठरते.

मराठवाडा आणि सोलापूर भागातील करडई उत्पादकांनाही रकाने वाचण्याची ही रीत उपयोगी पडेल, कारण करडईवरील मावाही थंड, ढगाळ हवेत वाढतो. तेथे ढग येण्याचे कारण बहुधा वेगळे असते आणि संवेदनक्षम काळ लवकर, डिसेंबर-जानेवारीत येतो. मावाही वेगळ्या प्रजातीचा आहे, म्हणून मोहरीसाठीचा ५० ते ६० हा आकडा करडईला लावू नये.