अग्निशमनाचे शिक्षक आणि आपला नवजात कक्ष

आगीचा बंब आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. गुजरातीत त्याला 'लायबंबो' म्हणतात आणि बडोद्यातील मराठी घरांत हे दोन्ही शब्द सारख्याच सहजतेने वापरले जातात. बंबावरील जवानही आपण अनेकदा पाहिलेले असतात. परंतु शिडी कशी लावावी, होज कसा उलगडावा, धुराने भरलेल्या खोलीत भिंतीवरचा हात न सोडता कसे सरकावे, हे त्या जवानाला ज्याने शिकविले तो शिक्षक सहसा आपल्या दृष्टीस पडत नाही. प्रस्तुत लेख या शिक्षकांविषयी आणि त्यांनी एकत्र येऊन करावयाच्या कामाविषयी आहे.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षांना ज्या आगी लागल्या, त्यांचा विचार करताना एक बालरोगतज्ज्ञ म्हणून माझी अशी धारणा झाली आहे की, आपल्याकडे उपकरणांपेक्षा शिकविणाऱ्यांची उणीव अधिक आहे. तसेच शिकविणारे आपापल्या गावात एकेकटे राहिले, तर एका ठिकाणच्या आगीचा धडा दुसऱ्या ठिकाणी पोहोचत नाही.

गोदीतील स्फोट आणि नागपूरचे महाविद्यालय

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकेही होती. अग्निशामक दलाचे जवान जहाजाजवळ पाणी मारीत असतानाच दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासात दुसरा. या दुर्घटनेत दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. या सप्ताहात जवानांच्या शौर्याचे गुणगान होते व ते योग्यच आहे. पण स्फोटके आणि कापूस एकाच जहाजात असताना काय करावे व केव्हा मागे सरावे, हा शौर्याचा नसून शिक्षणाचा प्रश्न आहे, याकडे मात्र थोडे दुर्लक्ष होते.

स्वातंत्र्यानंतर, १९५६ साली, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ मध्ये ते नागपूरला आले. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील या संस्थेत निरनिराळ्या राज्यांचे अधिकारी एकत्र राहून शिकत आले आहेत. येथे चालविल्या गेलेल्या एका अभ्यासक्रमाचे नावच 'स्टेशन ऑफिसर आणि इन्स्ट्रक्टर' असे आहे. मला हे नाव फार अर्थपूर्ण वाटते. केंद्र सांभाळणारा अधिकारी हा शिक्षकही असला पाहिजे, हे त्यात गृहीत धरलेले आहे. (आपल्या एम.डी. पदवीने आपण एका दिवसात अध्यापक होतो. शिकवावे कसे, हे मात्र आपणांस त्या तीन वर्षांत कोणी शिकविलेले नसते.) महाराष्ट्राची राज्य अग्निशमन अकादमी मुंबईत सांताक्रूझ येथे आहे, तीही याच परंपरेतील.

शिक्षकांनी एकत्र का यावे

अमेरिकेत अग्निशमन प्रशिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६० मध्ये स्थापन झाली आणि तेथे राज्याराज्यांतून, प्रदेशाप्रदेशांतून प्रशिक्षकांच्या संघटना आहेत. त्यांचे काम वरकरणी नीरस भासेल: वार्षिक मेळावे, पाठांची देवाणघेवाण, लहान गावांतील दलांच्या शिक्षकांची तयारी. परंतु या क्षेत्राचे हात किती पोळले आहेत हे पाहिले की त्या नीरसपणाचे मोल कळते. कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे जानेवारी १९८२ मध्ये एका जुन्या इमारतीत सरावासाठी मुद्दाम आग पेटविण्यात आली आणि त्या सरावातच दोन जवान मृत्युमुखी पडले. शिकविताना शिकणाराच दगावावा, याहून शिक्षकाला लाजिरवाणे काय असेल? त्यानंतर प्रत्यक्ष आगीच्या सरावासाठी १९८६ मध्ये तेथे एक मानक प्रसिद्ध झाले. प्रत्येक पाच शिकाऊ जवानांमागे किमान एक प्रशिक्षक असावा, आग पेटविण्यापूर्वी सर्वांना इमारत फिरवून दाखवावी, आत अडकलेल्याची भूमिका जिवंत माणसाला देऊ नये, पेट्रोलसारखे इंधन वापरू नये, सुरक्षेसाठी स्वतंत्र अधिकारी नेमावा, असे हे नियम आहेत. यांतील एकही नियम प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. अनेक ठिकाणच्या शिक्षकांनी आपापले अनुभव एकमेकांसमोर मांडले, तेव्हा ते सिद्ध झाले.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना ही पद्धत परकी नाही. जन्मतः न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देण्याचे शिक्षण राष्ट्रीय नवजातशास्त्र मंच आणि भारतीय बालरोग अकादमी यांनी देशभर नेले, ते व्याख्यानांनी नव्हे, तर प्रशिक्षकांची साखळी उभारून. रबरी बाहुलीवर मास्क बसविणारा हात शंभर वेळा चुकतो, तेव्हा कुठे खऱ्या बाळावर तो चुकत नाही. आगीच्या बाबतीत मात्र आपण भिंतीवर फायर एक्स्टिंग्विशर टांगून आणि त्याची मुदत तपासून समाधान मानतो.

भंडारा, भरूच, झाशी

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील विशेष नवजात काळजी कक्षास आग लागली. कक्षात १७ बालके होती. एका विभागातील १० दगावली, शेजारच्या विभागातील ७ वाचली. चौकशीअंती आगीचा उगम रेडियंट वॉर्मरच्या विद्युत यंत्रणेत असल्याचे सांगण्यात आले. ज्या यंत्राने बाळाला ऊब द्यावयाची तेच पेटले. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील नवजात कक्षात त्या एकाच रात्री १० शिशू गेले. त्याच वर्षी २५ मे रोजी संध्याकाळी राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ जणांचा बळी गेला आणि त्याच रात्री दिल्लीत विवेक विहार येथे नवजात बालकांच्या एका लहान रुग्णालयाला आग लागली.

आपल्या जवळचे म्हणाल तर १ मे २०२१ रोजी भरूच येथील कोविड रुग्णालयातील आगीत १६ रुग्ण व २ परिचारिका मृत्युमुखी पडल्या. बडोद्याच्या सयाजी रुग्णालयात ८ सप्टेंबर २०२० रोजी कोविड अतिदक्षता विभागात आग लागली होती. तेथे सर्व रुग्णांना वेळेत हलविण्यात आले व जीवितहानी झाली नाही. या घटनेची चर्चा लवकर थांबली. माझ्या मते तिचाच अभ्यास अधिक व्हावयास हवा होता, कारण वाचलेले रुग्ण कसे वाचले हे शिकविण्यायोग्य असते.

धूर, प्राणवायू आणि बाळ

वैद्यकेतर वाचकांसाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. अशा आगीत बहुतेक मृत्यू ज्वाळांनी नव्हे, धुराने होतात. फोमच्या गाद्या व प्लास्टिक जळताना कार्बन मोनॉक्साइड व सायनाइड वायू निघतात. हिमोग्लोबिनची कार्बन मोनॉक्साइडशी असलेली ओढ प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० वेळा श्वास घेते आणि वजनाच्या मानाने त्याच्या फुप्फुसांत मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक हवा खेळते. म्हणून त्याच खोलीत, तेवढ्याच वेळात, विष त्याच्या शरीरात अधिक वेगाने भिनते. शिवाय नेहमीचा पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूयुक्तच समजतो. धुरातून बाहेर आणलेल्या बाळाचे आकडे ९८ दिसले म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. हवेत तो २१ टक्के असतो, २३.५ टक्क्यांच्या वर गेला की एरवी धुमसणारी वस्तूही भडकते. लहान, बंद, वातानुकूलित कक्षात हूड आणि नळ्यांतून प्राणवायू अखंड झिरपत असतो. म्हणून त्या विभागाचा व्हॉल्व्ह कोणी व केव्हा बंद करावयाचा, हे आधीच ठरलेले असावे लागते. व्हॉल्व्ह बंद केल्यावर बाळांचे काय, हा प्रश्न परिचारिकांना हमखास पडतो. अंबू बॅग नळीवाचूनही साध्या हवेवर चालते आणि बाहेर नेण्याच्या त्या काही मिनिटांत बहुतेक बाळांना ती पुरते, हे त्यांनी हाताने करून पाहिलेले असले पाहिजे.

सरावातील एक दुपार

काही वर्षांपूर्वी मी काम करीत असलेल्या एका रुग्णालयात निवृत्त अग्निशमन प्रशिक्षक सराव घेण्यासाठी आले होते. एक्स्टिंग्विशरकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यांनी पाळीवरच्या सिस्टरला विचारले, "बेन, रात्री दोन वाजता या मागच्या दाराची किल्ली कोणाकडे असते?" मी उत्तर देऊ लागलो तसे ते मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही बाजूला उभे राहा. रात्री तुम्ही इथे नसणार."

मग त्यांनी दीड-दोन किलो वाळूच्या पिशव्या दुपट्यात गुंडाळून खाटांवर ठेवल्या, दिवे बंद केले आणि सिस्टरना त्या शेजारच्या वॉर्डात नेण्यास सांगितले. जिन्याने खाली नव्हे, त्याच मजल्यावर, दोन दारांपलीकडे. आधी आडवे सरकावे, उतरण्याचा विचार नंतर, हा त्यांचा पहिला पाठ. दोन्ही हातांत दोन 'बाळे' घेतलेली सिस्टर दारापाशी आली आणि थांबली. ते दार आतल्या बाजूला ओढून उघडावे लागत होते आणि ओढायला हातच मोकळा नव्हता. ही गोष्ट कोणत्याही तपासणीच्या कागदावर आली नसती.

त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न अवघड होता. पहिले कोणते बाळ उचलणार? कोणीच बोलले नाही. आगीच्या सर्वांत जवळचे बाळ आधी, इतपत एकमत झाले. पण पुढे काय? व्हेंटिलेटरवरील एका बाळासाठी एक पूर्ण माणूस लागतो, तेवढ्या वेळात तोच माणूस यंत्राविना असलेली दोन-चार बाळे बाहेर काढू शकतो. आपले सारे वैद्यकीय संस्कार सर्वांत आजारी बाळाकडे आधी धावावयास सांगतात. धूर उतरत असताना मात्र अधिकांत अधिक बाळे ज्या क्रमाने वाचतील तोच क्रम धरावा लागतो. हा निर्णय रात्रपाळीच्या तेवीस-चोवीस वर्षांच्या परिचारिकेवर एकटीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. तो डॉक्टरने दिवसा, शांतपणे, लिहून व सही करून ठेवावयाचा असतो. प्रत्येक पाळीच्या आरंभी खाटांना रंगीत फीत बांधली तर काळोखातही बॅटरीच्या उजेडात क्रम दिसतो. प्रशिक्षकांनी उत्तर दिले नाही, केवळ प्रश्न विचारला, ही त्यांची शिकविण्याची रीत माझ्या कायम लक्षात राहिली.

बडोद्यात काय करता येईल

या विषयात आपले शहर दरिद्री नाही. महानगरपालिकेचे अग्निशामक केंद्र तर आपल्या दांडिया बाजारातच आहे. कोयलीची रिफायनरी आणि खतांचे व पेट्रोरसायनांचे मोठे कारखाने यांची स्वतःची अग्निशमन पथके आहेत. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी रिफायनरीतील बेंझीनची टाकी पेटली व दोघांचा मृत्यू झाला, त्या दिवशीचा धूर अर्ध्या शहराने पाहिला. जरोद येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी वाहिनी आहे. या प्रत्येक ठिकाणी शिकविणारी माणसे आहेत. टाकी कशी थंड ठेवावी हे त्यांना उत्तम ठाऊक आहे. परंतु ९०० ग्रॅमचे बाळ कसे धरावे, नाळेतील नळी सुटली तर काय होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ते आपण सांगू शकतो. बडोदे, भरूच, आणंद, सुरत या पट्ट्यातील प्रशिक्षकांनी वर्षातून दोनदा जरी एकत्र बसावे आणि त्या बैठकीत दोन बालरोगतज्ज्ञ व चार अनुभवी सिस्टर असाव्यात, तर नवजात कक्षासाठी एक समान पाठ तयार होण्यास अडचण नसावी. पुढे त्या सिस्टरच प्रशिक्षक होतील. माझा अनुभव असा की, सिस्टरने सिस्टरला शिकविलेले अधिक टिकते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० च्या आदेशात कोविड रुग्णालयांसाठी अग्निसुरक्षेचा जबाबदार अधिकारी नेमण्यास सांगितले होते. गुजरातचा अग्निप्रतिबंधक कायदा २०१३ चा आहे. कागद पुरेसे आहेत. नेमलेला अधिकारी आणि शिकविणारा माणूस या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच येथे नमूद करतो.

आपल्या सभासदांची प्रसूतिगृहे व बालरुग्णालये बहुतांशी लहान आहेत. अनेकदा ती दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, खाली दुकाने असलेल्या इमारतींत आहेत. त्यांना माझी सूचना अशी की, येत्या एप्रिलच्या सप्ताहात सराव मागवावा, परंतु तो सकाळी अकरा वाजता पाहुण्यांसमोर नको. रात्रपाळीवर, त्या रात्री जेवढी माणसे असतील तेवढ्यांनीच तो करावा. मागचे दार बाहेरच्या बाजूला उघडते का, हे पाहावे. दुपट्यांचे चार लांब पट्टे दाराजवळच्या खुंटीवर असावेत; छातीशी बांधलेले बाळ उबेत राहते आणि हातही मोकळे राहतात. बाळाच्या पायातील ओळखपट्टी सैल नसावी. आणि प्रत्येक पाळीला कक्षातील बाळांची यादी दोन प्रतींत करून एक प्रत खाली सुरक्षारक्षकाच्या टेबलावर ठेवावी, कारण बाळे मोजण्याची वेळ येईल तेव्हा सर्वजण बाहेर उभे असतील.