द्रव्य : एका शब्दाचा विचार

महोत्सवाच्या आवाहनपत्रात आम्ही 'द्रव्यसाहाय्य' हा शब्द योजिला होता. तो वाचून एका सभासदांच्या शाळकरी कन्येने विचारले, "शाळेत आम्ही दगडाचे द्रव्यमान काढतो. मग दगडात पैसा असतो का?" ऐकणारे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आपल्या वारासिवनीत पुष्कळांच्या घरात मराठी आणि शाळेत हिंदी. मराठी पुस्तक ज्यास 'वस्तुमान' म्हणते त्यास हिंदी पुस्तक 'द्रव्यमान' म्हणते. मुलीने घरचा व शाळेचा शब्द शेजारी ठेवला, एवढेच. त्या निमित्ताने या शब्दाचा थोडा विचार येथे करू.

रसायनशास्त्रात द्रव्य म्हणजे जे जागा व्यापते आणि ज्याला वजन असते ते. भरवेलीच्या खाणीतील मँगनीज हे खनिजद्रव्य. आपल्या विणकराने रेशीम ज्यात बुडवावे ते रंगद्रव्य. धानाच्या बांधीत टाकावयाच्या खतात पोषकद्रव्ये. अठराव्या शतकात लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने तराजूच्या साहाय्याने दाखवून दिले की, बंद पात्रात रासायनिक क्रिया घडली तर द्रव्य रूप पालटते, पण त्याचे एकूण वजन घटत नाही व वाढतही नाही.

व्यवहारात द्रव्य म्हणजे धन. द्रव्यार्जन, द्रव्यलोभ, द्रव्यबळ हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. मात्र या द्रव्यास वरील नियम लागू नाही. घरात पुरून ठेवलेल्या हंड्यातील धातू तेवढाच राहील. पण पेटीतील नोटा तेवढ्याच राहिल्या तरी महागाईने त्यांचे मोल उतरते. विणकर पैसे मोजून रंगद्रव्य आणतो तेव्हा एक द्रव्य देऊन दुसरे घेतो, आणि शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच दुकानात भेटतात.

आता मूळ पाहू. पुष्कळांस वाटते की 'द्रव' यावरून 'द्रव्य' आले असावे. 'द्रु' म्हणजे धावणे, वाहणे, असा एक धातू आहेच. जे निरनिराळ्या अवस्थांतून वाहत जाते ते द्रव्य, अशी व्युत्पत्ती जैन आचार्यांनीही दिली आहे. पण पाणिनीच्या अष्टाध्यायीत दुसरीच वाट दिसते. तेथे 'द्रु' म्हणजे झाड, लाकूड. आणि द्रव्य म्हणजे लाकडासारखे, अर्थात ज्यातून काही घडविता येईल असे, योग्य, होतकरू. टीकाकारांनी उदाहरण दिले आहे ते होतकरू राजपुत्राचे व होतकरू मुलाचे. तेथे द्रव्य हे नाणे नव्हे की दगडही नव्हे. द्रव्य म्हणजे चांगले मूल!

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हा शब्द दोन्ही अंगांनी येतो. ज्या अरण्यातून लाकूड, बांबू, साली वगैरे माल मिळतो ते 'द्रव्यवन'. बालाघाटच्या सागवान-बांबूच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या आपणांस हा शब्द समजावून सांगावयास नको. त्याच ग्रंथात शिक्षणाविषयी असेही म्हटले आहे की, शिकवणीने द्रव्यास वळण लागते, अद्रव्यास लागत नाही.

हे वचन कठोर वाटेल, आणि त्याचा दुरुपयोगही सहज होऊ शकेल. अमुक मूल अद्रव्य आहे असे एकदा ठरविले की त्याच्यावर खर्च करण्याची जबाबदारी टळते. पण विद्या कोणास वळण लावते हे कौटिल्य लगेच पुढे सांगतो. त्या गुणांत पहिला आहे शुश्रूषा, म्हणजे ऐकण्याची इच्छा. मग ऐकणे, ग्रहण करणे, ध्यानात ठेवणे, विचार करणे हे क्रमाने येतात. परीक्षेतील गुणांचा आकडा त्या यादीत नाही, कुळही नाही. आणि लाकडाचेच म्हणाल तर, सरळ सोट तेवढेच लाकूड कामाचे, असे कोणता सुतार म्हणेल? नांगराला वाकही लागतो.

शिष्यवृत्तीचे अर्ज चाळताना आमची नजर सवयीने प्रथम टक्केवारीवर जाते, हे आम्ही कबूल करतो. एका विषयात नापास झालेल्या मुलाचा अर्ज खाली सरकतो. त्याने पुन्हा बसण्याची तयारी दाखविली आहे काय, हे विचारावयाचे राहून जाते. वास्तविक शुश्रूषेची खूण तीच.

म्हणून सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे की, यापुढे अर्जासोबत केवळ गुणपत्रिका न पाहता मुलास समक्ष बोलवावे, त्याच्याशी बोलावे आणि मग निर्णय घ्यावा. आपण पेटीत टाकतो ते द्रव्य आहेच. परंतु ते ज्याच्या हाती पोहोचावयाचे ते मूलही द्रव्यच आहे. पहिल्याने दुसरे घडावे, यासाठीच हा न्यास आहे.

त्या मुलीस आम्ही अखेर उत्तर दिले ते असे : "दगडात पैसा नसतो, बाळ. पण जुन्या पंडितांच्या भाषेत तू मात्र द्रव्य आहेस."