अपडेट बंद नको, वेळ ठरवा



आपल्या बऱ्याच केंद्रांत संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. विंडोज आपोआप अपडेट उतरवू लागले की दिवसाचा डेटा संपतो आणि शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट राहतो. मग वाटते, अपडेट कायमचेच बंद करावे.

तसे करू नका. मार्च 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट दिले होते. मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरस त्याच त्रुटीतून जगभर पसरला. अपडेट न केलेल्या असंख्य संगणकांतील फायली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवायला खंडणी मागितली गेली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतील कामही खोळंबले. आपल्या संगणकात तर मुलांचे जातीचे दाखले, आधार आणि बँक खात्यांचे तपशील असतात.

विंडोज 11 मध्ये एवढे करा:

1. सेटिंग्जमध्ये आपल्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. बहुतेक अपडेट आपोआप उतरणार नाहीत.
2. अर्ज भरण्याच्या दिवसांत 'विंडोज अपडेट'मधील 'पॉज अपडेट्स' वापरा. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येते.
3. 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स'मध्ये कामाची वेळ भरा, म्हणजे त्या वेळेत संगणक आपोआप रीस्टार्ट होणार नाही.
4. सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्यानंतरचा शनिवार ठरवून ठेवा. आधी फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, मग पुरेसा डेटा घेऊन अपडेट स्वतः चालू करा.

ही तारीख केंद्राच्या कॅलेंडरवर आजच लिहा आणि जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्या.