मक्याची ट्रॉली आणि दोन चाकांचे ब्रेक

पहूरच्या चौकात जळगाव–छत्रपती संभाजीनगर रस्त्याला जामनेर आणि शेंदुर्णीकडचे रस्ते येऊन मिळतात. दिवाळीच्या आगेमागे मका आणि कापूस निघाला की इथून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा वाढते. कोणी बाजार समितीत निघालेला, कोणी जिनिंगवर. याच पट्ट्यातल्या एका शेतकऱ्याने दसऱ्याला ५० एचपीचा नवा ट्रॅक्टर घेतला. ट्रॉली मात्र जुनीच ठेवली, दोन चाकी.

आधीचा ट्रॅक्टर ३५ एचपीचा होता. चढावर त्याला दम लागायचा, म्हणून ट्रॉली नेहमी बेताने भरली जायची. नव्याला तसं काही नव्हतं. मग फाळक्यांवर आणखी फळ्या चढल्या आणि दोन खेपांचा मका एका खेपेत जाऊ लागला. डिझेल वाचलं, वेळ वाचला. जुनं इंजिन आपल्या अशक्तपणानेच आजवर वजनाला लगाम घालत होतं, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

नाल्याच्या पुलाकडे उतरताना समोर एक दुचाकी आडवी आली. चालवणाऱ्याने क्लच आणि ब्रेक एकदमच दाबले. सकाळी शेतात वळणं घेताना ब्रेकच्या दोन पायट्या सोडवल्या होत्या, त्या रस्त्यावर येताना पुन्हा जोडायच्या राहिल्या. ब्रेक एकाच मागच्या चाकाला लागला, ट्रॉलीने मागून रेटा दिला आणि ट्रॅक्टर हुकापाशी मुडपून चारीत गेला. मका रस्त्यावर, ट्रॉलीची दांडी वाकलेली आणि चालवणाऱ्याच्या खांद्याचं हाड मोडलेलं. दुचाकीवाला वाचला.

दांडी सरळ करायला जामनेरला नेली, तेव्हा मिस्त्रीने शेतकऱ्याला एकच गोष्ट सुनावली. “दादा, ट्रॅक्टर घेताना घोडे किती ते समदे विचारता. ब्रेक किती चाकांना आहे, ते कोणी विचारतं का?”

मिस्त्रीचा सवाल बिनतोड आहे. आपल्याकडच्या बहुतेक साध्या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि गावात बनवून घेतलेल्या ट्रॉलीला बहुधा नसतातच. आता हिशेब मांडून पाहा. ट्रॅक्टर साधारण २ टन, रिकामी ट्रॉली दीड टन. १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच फाळक्यांत काठोकाठ भरलेला मका सुमारे २४ क्विंटल होतो. वर आणखी २ फूट फळ्या चढवल्या की ४८. म्हणजे ८ टनांहून जास्त वजन उतारावरून निघालेलं आणि ते थांबवायचं दोन चाकांनी. वेग ताशी २० ऐवजी ४० किलोमीटर झाला तर गाडीतला जोर दुप्पट नाही, चौपट होतो.

डोळ्याला मात्र हे वजन दिसत नाही. त्याच ट्रॉलीत सुटा कापूस फाळक्यांच्या कितीतरी वर फुगून भरला तरी तो मक्याच्या मानाने हलका. उलट गिट्टी फाळक्याच्या काठाला लागते ना लागते तोवर ५० क्विंटलचा आकडा गाठते. म्हणून “ट्रॉली भरली” यावरून काहीच कळत नाही. वजनकाट्यावरच जावं लागतं. जिनिंगच्या काट्यावर कापसाबरोबर हेही काम उरकता येतं. रिकामं वजन घ्यावं, भरलेलं घ्यावं आणि एकदा फक्त ट्रॅक्टरची पुढची चाकं काट्यावर चढवून त्यांचा भार बघावा.

पुढच्या चाकांचं कशाला? कारण दोन चाकी ट्रॉली आपलं काही वजन हुकावर टाकते. त्याने मागची चाकं जमिनीला चिकटतात, पण ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे, म्हणजे २ टनाच्या ट्रॅक्टरला ४०० किलो. त्याखाली गेलं की स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळेलच असं नाही. माल ट्रॉलीत फार पुढे लादला तर हुकावर भार वाढतो. फार मागे लादला तर ट्रॉली हुक वर उचलते आणि ब्रेकवाल्या मागच्या चाकांचीच पकड सुटते. ट्रॉली कायम खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. वरच्या टॉप लिंकच्या जागी साखळी अडकवून ओढणं म्हणजे ट्रॅक्टर मागे उलटवण्याची तयारीच.

अमेरिकेत पिकअपमागे घरासारखे अवजड कॅम्पर ओढणाऱ्यांची अडचण अगदी हीच. तिथल्या ‘फिफ्थ व्हील’ कॅम्परचा हुक पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर असतो आणि कॅम्परच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा त्यावर येतो. ५,४०० किलोच्या कॅम्परचे हजारावर किलो पिकअपच्या पाठीवर बसतात. त्यात घरची माणसं, सामान आणि हुकाचं स्वतःचं वजन वेगळं. जाहिरातीत ओढण्याचा आकडा मोठा छापतात. पिकअप स्वतःच्या अंगावर किती वाहू शकतो, तो आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो आणि बऱ्याचदा तोच आधी संपतो. तिथे अशा कॅम्परला निदान स्वतःचे ब्रेक असतात. आपल्या ट्रॉलीला तेही नसतात, हे मनाला लागायला हवं.

नवा ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी म्हणून ट्रॉलीच्या ब्रेकचं बोलणं त्याच दिवशी करावं. ट्रॉलीला हायड्रॉलिक किंवा हवेचे ब्रेक जोडायची सोय काही ट्रॅक्टरांत असते. खर्च येतो, पण हप्त्यात तो मुरतो. ती सोय नसेल तर जुन्या ट्रॅक्टरला जेवढं वजन लादत होतो, तेवढंच नव्याला लादावं.

उताराचं तर आणखी नीट ऐकावं. फर्दापूरच्या पुढे अजिंठ्याचा घाट आहे, तिथून भरली ट्रॉली खाली आणताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आजही भेटतात. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावं आणि गिअर वरच्या टोकालाच टाकून घ्यावा. गाडी सुटली की पुष्कळ ट्रॅक्टरांत तो पुन्हा पडत नाही. क्लच दाबून उतरणं न्यूट्रलइतकंच वाईट, कारण इंजिनाची अडवणूक दोन्हीत सुटते. आणि रस्त्याला लागण्याआधी ब्रेकच्या दोन्ही पायट्या जोडल्या का, हे पायाने नाही, खाली वाकून हाताने तपासावं.

कागदांचंही पाहावं. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि विम्यात तिचा उल्लेख वेगळा करून घ्यावा लागतो. जादा वजनाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. मालावर मजूर बसवून आणणं तर पूर्ण थांबलं पाहिजे.

कापसाच्या ट्रॉलीला ब्रेकपेक्षा दिव्यांची काळजी जास्त. फुगलेला कापूस मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर दोन्ही झाकून टाकतो, आणि अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. त्या शेतकऱ्याने आता लाल दिवे मागच्या फाळक्याच्या बाहेर, दोन्ही कडांना लोखंडी पट्टीवर बसवून घेतले आहेत. माल भरून झाला की सालदार मागे उभा राहतो, दिवे लागल्याचं ओरडून सांगतो आणि मगच ट्रॅक्टर फाटकाबाहेर निघतो.