घाटांत अडखळणारें एंजिन

१ जून १९४८ रोजीं आपल्या नगरहून पुण्यास एस. टी.ची पहिली मोटार निघाली. तेव्हांपासून मोटार ही आपल्या जिल्ह्यांत नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. तथापि जी वस्तु आपण रोज पाहतों, तिच्या पोटांत काय चालतें याचा विचार आपण क्वचितच करतों. मोटार अडखळूं लागली म्हणजे आपण मिस्त्र्याकडे धांव घेतों. तो जें सांगेल तें ऐकतों आणि जें मागेल तें देतों. गेल्या पावसाळ्यांत एका जुन्या जीपनें आम्हांस याविषयीं जो धडा दिला, तो विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ही जीप पाथर्डीकडील एका शेतकरी गृहस्थांची, वडिलांच्या वेळेपासून जपलेली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील विलिस कंपनीनें जी जीप बांधली, त्याच जातीची ही. तिचें एंजिन चार सिलिंडरांचें, सुमारें २,२०० घन सेंटिमीटरांचें व ६० अश्वशक्तीचें. मागें ट्रेलर जोडून, कांद्याच्या गोण्या भरून, करंजीचा घाट ओलांडून ती नगरच्या बाजारास येई. सपाटीवर ती घोड्यासारखी पळे. परंतु घाट लागला कीं एंजिन गचके देई आणि तिची शक्ति निम्म्यावर येई. भरल्या गाडीनें चढावर बंद पडून मागें सरकावें, यासारखें दुसरें संकट नाहीं. एका कारागिरानें नवे प्लग घातले, दुसऱ्यानें कार्ब्युरेटर बदलला, तिसऱ्यानें सबंध एंजिन खोलावयास सांगितलें. त्या कामास लागणारा पैसा गृहस्थांनीं मुलाच्या पुढील शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेला होता. “गुरुजी, गाडी मोडीत घालावी का पोराचं शिकणं थांबवावं, एवढंच सांगा,” असें ते म्हणाले. आम्ही म्हणालों, “गाडीचें दुखणें कोठें आहे, तें आधीं पाहूं, मग ठरवूं.”

दुखणें ओळखावयाचें तर निरोगी एंजिन कसें चालतें हें प्रथम ठाऊक पाहिजे. पेट्रोलच्या एंजिनांतील पिस्टन चार फेऱ्यांत एक काम पुरें करतो. पहिल्या फेरींत तो हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढतो. दुसरींत तें दाबतो. मग प्लगची ठिणगी पडून मिश्रण पेटतें व त्या स्फोटानें पिस्टन तिसऱ्यांदां ढकलला जातो. चौथींत जळलेला वायु बाहेर जातो. या जीपचे सिलिंडर १, ३, ४, २ या क्रमानें पेटतात. एंजिन मिनिटास २,००० वेळां फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला १,००० वेळां व चारहि मिळून ४,००० वेळां पेटतात. यांपैकीं एखादा ठोका चुकला कीं कारागीर म्हणतात, “गाडी मिसिंग मारते.”

ठोका चुकण्यास मूळ कारणें तीनच. मिश्रण बरोबर नसेल, सिलिंडरांतील दाब गळत असेल, किंवा ठिणगी योग्य वेळीं व पुरेशा जोरानें पडत नसेल. बाकी सारीं कारणें या तिहींच्या पोटांत येतात. या तिहींपैकीं दोन वगळलीं कीं तिसरें आपोआप हातीं लागतें. म्हणून आम्हीं एकहि वस्तु विकत न घेतां एकेक प्रश्न विचारावयाचें ठरविलें.

पहिला प्रश्न मालकास. बिघाड केव्हां होतो? उत्तर मिळालें, “ओझें घेऊन चढतांना; आणि पहांटे दंव पडलेलें असलें कीं अधिक.” हें दंव आम्हीं वहींत टिपून ठेवलें.

दुसरा प्रश्न कानास. रिकाम्या गतीनें एंजिन चालवून धुराच्या नळीचा आवाज ऐकला. ठोके अगदीं सारखे पडत होते. मग लांकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरचें पातें आधीं एंजिनाच्या धातूस टेकवून नंतर एकेका प्लगच्या टोकास लावलें. असें केल्यानें त्या सिलिंडरची ठिणगी तेवढी बंद होते. चारहि वेळां एंजिनाची गति सारखीच उतरली. म्हणजे बिनओझ्याचे चारहि सिलिंडर आपापलें काम करीत होते. दाब मोजण्याच्या यंत्रानें पाहतां चारहि सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा भरला. एंजिन खोलण्याचें कारण येथेंच संपलें.

तिसरी परीक्षा घाटांत. चढावर गचके सुरू होतांच ते एका ठराविक तालानें पडूं लागले. पेट्रोल कमी पडत असतें तर चारहि सिलिंडर मिळून अशक्त झाले असते, आणि चोक किंचित् ओढतांच सुधारणा दिसली असती. चोक ओढून पाहिला. कांहीं फरक पडला नाहीं. ठराविक ताल म्हणजे एकच सिलिंडर दोषी. माथ्यावर गाडी थांबवून, एंजिन निवल्यावर प्लग काढले. तिघांचीं टोंकें बिस्किटाच्या रंगाचीं होतीं. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मात्र काळा, ओला व पेट्रोलचा वास येणारा. तेथें पेट्रोल पोंचत होतें, परंतु जळत नव्हतें. मग पहिला व तिसरा प्लग एकमेकांच्या जागीं घालून पुन्हां चढ चढलों. दोष तिसऱ्या सिलिंडरांतच राहिला. म्हणजे प्लगहि निर्दोष ठरला.

आतां उरली ती वितरकापासून, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरपासून, प्लगपर्यंत येणारी तार. रात्रीं अंधारांत एंजिन चालू करून, हात दूर ठेवून, तारांवर पाण्याचे अगदीं बारीक तुषार उडविले. तोंच तिसऱ्या तारेवरून जवळच्या लोखंडी चिमट्याकडे निळ्या ठिणग्या नाचूं लागल्या! वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें तारेवरील रबर तडकलें होतें. वहींतील दंवाचा उलगडा झाला.

पण हा दोष सपाटीवर कां दिसत नव्हता? चढावर आपण अधिक पेट्रोल देतों, तेव्हां सिलिंडरांत मिश्रण दाटून भरतें. आणि दाट मिश्रणांतून ठिणगी उडविण्यास विजेचा दाब अधिक लागतो. गृहस्थांस आम्हीं पाटाचें उदाहरण दिलें. पाटाच्या बांधाला वरच्या अंगास उंदराचें बीळ असलें, तर पाणी थोडें असतां तें कळत नाहीं. पाट भरून वाहूं लागला कीं पाणी तेथूनच फुटतें. ते लगेच म्हणाले, “म्हणजे बांध सगळा उकरायचा नव्हता, बीळ तेवढं बुजवायचं होतं!” नवी तार घालून ती चिमट्यापासून दूर बांधली. पॉइंटांमधील फट २० व प्लगांची ३० सहस्रांश इंच आहे, याची खात्री करून घेतली. त्यानंतर तीच जीप तितक्याच गोण्या घेऊन एकहि ठोका न चुकवितां घाट चढली. मुलाच्या शिक्षणाचा पैसा जेथल्या तेथें राहिला.

हे प्रयोग करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत धराव्या. वडीलधारें जाणतें माणूस जवळ असल्यावांचून चालत्या एंजिनास हात लावूं नये. बंद खोलींत एंजिन चालवूं नये, कारण त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु वास न येतां प्राण घेतो. जेथें पेट्रोल गळत असेल तेथें ठिणगीचा प्रयोग कदापि करूं नये. स्क्रू-ड्रायव्हरची परीक्षा जुन्या पॉइंटांच्या एंजिनापुरतीच आहे. आजच्या मोटारींत ती केल्यास संगणकाची यंत्रणा बिघडूं शकते.

आजच्या मोटारींत दोष सांगणारा संगणक असतो. त्यास जोडलेलें यंत्र “पी ०३०३” असा अंक दाखवितें. त्याचा अर्थ, तिसरा सिलिंडर ठोका चुकवितो. पण तो कां चुकवितो हें तो अंक सांगत नाहीं. प्लग, तार, पेट्रोल कीं दाब, हें माणसालाच शोधावें लागतें. आणि शोधाची रीत तीच, जी या जुन्या जीपनें शिकविली. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बदलल्यावर काय झालें तें लिहून ठेवावें, आणि पुरावा हातीं येईपर्यंत पैसा खर्चूं नये. आधींच्या तिघां कारागिरांचें हातांतलें कसब कमी नव्हतें. त्यांनीं उत्तर आधीं दिलें आणि प्रश्न विचारावयाचे राहून गेले, इतकेंच. गणिताच्या वहींत आमचे विद्यार्थीहि पुष्कळदां हेंच करतात. म्हणून ही हकीकत त्यांस विशेष उपयोगी पडेल, अशी आम्हांस आशा आहे.